मॅडम रागावल्यात

आतून आवाजच येत नव्हता.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, 'समुपदेशन' अशी पाटी असलेल्या दाराबाहेरच्या बाकावर मी बसले होते. आत माझा धाकटा भाऊ दिगू आणि नव्या आलेल्या साठ्ये मॅडम. आता मला सांगा, दोन माणसं बंद खोलीत बसली तर काहीतरी ऐकू येईल की नाही? बोलणं, रडणं, निदान खोकणं? छे! मी तेव्हा एसटीत कंडक्टर होते. भरल्या गाडीत मागच्या सीटवर कोण कुणाच्या कानाला लागलंय, ते मला पुढं उभं राहून कळायचं. पण त्या दारातून काही म्हणजे काही आलं नाही.

शेवटी दार उघडलं. दिगू बाहेर आला, चपला पायात सरकवल्या आणि माझ्याकडं न बघताच जिना उतरायला लागला.

"अरे थांब की! काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही काय? एवढा वेळ दोघं काय करत होता?"

खाली रिक्षांपाशी आल्यावर तो थांबला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"अक्का," तो म्हणाला, "मॅडम माझ्यावर रागावल्यात."

"आँ? अरे दुसरी तर भेट तुझी. रागवायला तू काय त्यांचा ब्लाउज आखूड शिवलास?"

तो हसला नाही. "गेल्या गेल्या मी विचारलं, मॅडम, जेवण झालं का. तर बोलल्याच नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मी जेवले की नाही, हे तुम्हाला का जाणून घ्यावंसं वाटतंय?' आता दुपारच्याला कुणाकडं गेल्यावर हे का विचारतात, अक्का? काय उत्तर द्यायचं?"

"मग?"

"मग मी गप्प बसलो. तर त्याही गप्प. मागच्या वेळी पण असंच. मी विचारलं, गाव कुठलं आपलं? तर उत्तर नाही." त्यानं रिक्षाला हात केला. "माझंच काहीतरी चुकलं असणार."

त्याच्या मनात कुठलं घोडं कुठं पेंड खातंय, ते मला ठाऊक होतं. त्या मॅडमना नव्हतं.

आमचं घराणं शिंप्यांचं. कराडात शाळेचे गणवेश म्हटले की लोक दिगूचं नाव घ्यायचे. पुढं दुकान, मागं घर. तो बेतायचा आणि मशीन मारायचा, त्याची बायको शालन शेजारी पाटावर बसून काजं-बटणं करायची. पोरबाळ नव्हतं, पण दोघांचं दुकान दिवसभर नुसतं बोलत असायचं. मग एका मार्गशीर्षात शालन दुपारी बसल्या जागी कलंडली. मेंदूत रक्त साकळलं होतं. दवाखान्यात न्यायलाही उसंत मिळाली नाही.

त्या दिवसापासून दिगूनं कात्री हातात धरली नाही. गिऱ्हाईक कापड घेऊन यायचं, हा त्याच्याकडं बघत बसायचा. जेवण समोर ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर तसाच. मी त्याला माझ्या घरी आणलं. माझा नवरा कधीच गेला होता, पोरगी नांदायला गेली होती, घरात जागा होती. मला एकच पाहिजे होतं. माझ्या भावानं परत एकदा कापडावर खडूची रेघ ओढावी. बस्स. मी मेले तर याला बघणार कोण, या विचारानं माझी झोप उडाली होती.

म्हणून मी त्याला आधी हुपरीकर सरांकडं नेलं. त्याच खोलीत तेव्हा ते बसायचे. काय माणूस! पहिल्याच दिवशी खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलून दिगूच्या शेजारी आणली, "या दिगंबरराव" म्हणाले, चहा मागवला. त्यांचं म्हणणं, माणसाचा विचार बदलला की दुःख हलकं होतं आणि हात-पाय हलले की विचार बदलतो. दर वेळी कामगिरी नेमून द्यायचे. या आठवड्यात रोज मंडईत जायचं, पुढच्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचं. मनात काही वाईट आलं की स्वतःला विचारायचं, याला पुरावा काय? दिगू पहिल्या बाकावरच्या मुलासारखा सगळं करायचा. सर "शाबास!" म्हणायचे. बाहेर मला दोघांचं हसणं ऐकू यायचं आणि मी बाकावर बसल्या बसल्या देवाला हात जोडायचे.

पावसाळ्याच्या सुमाराला सर म्हणाले, "दिगंबरराव, तुम्ही पास!"

आणि दिवाळी झाली, तशी हा परत भिंतीकडं तोंड करून झोपला. सगळं मुसळ केरात.

"अरे सरांना मूळ गोष्ट सांगितली होतीस का?" मी विचारलं.

"कशी सांगणार? सर इतके खूश व्हायचे. त्यांनी विचारलं, कशाचं दुःख आहे? मी म्हटलं, बायको गेली. ते म्हणाले, स्वाभाविक आहे. मग कामगिरी दिली. मास्तरांना कुणी घरातलं सांगतं का, अक्का?"

म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी धावत परत दवाखान्यात गेले, तर हुपरीकर सर बेळगावला निघून गेलेले. त्यांच्या जागी पुण्याहून साठ्ये मॅडम आल्या होत्या. तिशीची मुलगी, सुती साडी, चेहरा शांत, डोळे चांगले. मला बघताक्षणी आवडल्या, खोटं कशाला बोलू? खुर्ची मात्र त्यांनी परत टेबलाच्या पलीकडं नेली होती.

आता मूळ गोष्ट सांगते.

शालन गेली त्याच्या आधीच्या जूनमध्ये बार्शीहून तिच्या भावाचा फोन आला होता, की आईचं काही खरं नाही, लगेच ये. शाळा सुरू व्हायच्या होत्या. दुकानात गणवेशांचा ढीग. दिगू म्हणाला, "एवढी ऑर्डर उरकू दे, दोघं मिळून जाऊ." शालननं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी गेली.

बार्शीहून परत आल्यावर शालननं दिगूशी अबोला धरला.

भांडली नाही, माहेरी जाऊन बसली नाही. सगळं करायची. पहाटे उठून पाणी तापवायची, गरम भाकरी वाढायची, शेजारी बसून काजं करायची. माझ्याशी बोलायची, गिऱ्हाइकांशी हसायची. पण त्याच्याशी एक शब्द नाही. स्वयंपाक झाला की भिंतीला सांगायची, "कुणाला जेवायचं असेल तर पान मांडलंय." आपल्याकडच्या बायकांना हे काही नवीन नाही. अबोला दोन दिवस टिकतो, चार दिवस टिकतो, फार तर सणापर्यंत. हिचा आषाढ गेला, गौरी-गणपती गेले, दिवाळी गेली. दिगू तिच्या मागं मागं फिरायचा. "अगं रागाव, शिव्या दे, पण बोल की!" ती सुईत दोरा ओवायची.

शेवटी मीच तिला धरलं. "शालन, पुरे कर गं आता. चुकलं त्याचं. पण माणूस झुरतंय बघ."

तिनं हातातलं काज पुरं केलं. मग म्हणाली, "बघू अक्का, संक्रांत येऊ दे."

मी तशीच उठले आणि दुकानात जाऊन दिगूला सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. संक्रांतीला तर वैरीसुद्धा तिळगूळ देऊन गोड बोलतो. त्यानं त्या दिवसापासून संक्रांतीची वाट बघायला सुरुवात केली. आणि संक्रांत महिन्यावर असताना शालन गेली.

त्यानंतर या माणसाला जगात एकच गोष्ट हवी होती. ती बोलणारच होती, मरण मध्ये आलं म्हणून राहिलं, एवढी खात्री. रोज मला विचारायचा, "अक्का, बोलली असती ना गं?" मी म्हणायचे, "म्हणजे काय! मला तोंडानं म्हणाली ती." त्या एका धाग्यावर तो लोंबकळत होता.

आणि आता हा धागा घेऊन तो अशा बाईसमोर बसला होता, जी त्याच्याकडं बघायची आणि बोलायची नाही.

"मॅडमना हे सांग," मी म्हटलं. "मोकळा होशील."

"त्या आधीच रागावल्यात. त्यात हे सांगू? आणि तूही सांगायचं नाहीस. शालनची शपथ आहे तुला."

शपथ घातली म्हणून काय, मी तोंडात मूग धरून बसणार होते होय? मूळ गोष्ट नाही सांगितली, पण तिसऱ्या भेटीच्या आधी मी मॅडमच्या खोलीत शिरलेच.

"मॅडम, रागवू नका, पण जरा बोलत जा की त्याच्याशी."

त्या हसल्या. "बसा ना. काय झालं?"

"त्याला वाटतंय, तुम्ही त्याच्यावर रागावलाय."

वाटलं होतं, दचकतील. तर त्यांचे डोळे चमकले. "असं म्हणाले ते? हे फार महत्त्वाचं आहे."

"अहो, महत्त्वाचं कसलं? गैरसमज आहे तो. 'मी रागावले नाही हो' एवढं म्हटलंत की मिटला."

"मावशी," त्या म्हणाल्या, आणि खरंच मायेनं म्हणाल्या, "मी तसं म्हटलं की तो राग कुणाचा आहे, ते कधीच कळणार नाही. मी माझं गाव सांगितलं, जेवणाचं सांगितलं, तर आम्ही छान गप्पा मारू. पण त्यांचं मन बाहेर येणार नाही. मी कमी बोलते, म्हणून त्यांच्या आतलं जे आहे ते माझ्यावर येऊन पडतं. कुणीतरी त्यांच्यावर रागावलेलं आहे. ते माणूस या खोलीत येऊ घातलंय. मला मधे बोलून त्याला घालवायचं नाहीये."

दोन भेटींत या पोरीनं नेमकं जिथं दुखत होतं तिथं बोट ठेवलं होतं. हुपरीकर सरांना इतक्या महिन्यांत जे दिसलं नाही, ते हिनं न बोलता ओळखलं होतं.

"आणि ते माणूस आलं म्हणजे?" मी विचारलं. "मग तुम्ही काय करणार?"

"थांबणार. त्यांच्याबरोबर."

"बोलणार का?"

"वेळ आली की."

"वेळ कुणी ठरवायची?"

त्या पुन्हा हसल्या आणि काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, शिकलेली मुलगी आहे, हिला कळत असेल. मी बाहेर येऊन बाकावर बसले. तिसरी भेटही तशीच गेली. आतून आवाज नाही.

चौथी भेट नेमकी संक्रांतीच्या दिवशी आली. मी म्हटलं, सण आहे, आज राहू दे. तर हा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार! असा तयार झालेला मी त्याला वर्षात पाहिला नव्हता. सकाळी माझ्याकडून तीळ भाजून घेतले, गूळ स्वतः किसला, लाडू स्वतः वळले. हात पोळले तरी हूं की चूं नाही.

"हे कुणासाठी रे?"

"मॅडमना." मान खाली घालून बोलला. "अक्का, मला सांगता येत नाही. पण आज त्या बोलल्या ना, तर मला वाटेल... तर मग मी त्यांना सगळं सांगेन. शालनचं, बार्शीचं. सगळं."

मला इतका आनंद झाला म्हणता! मी नवं पातळ नेसले. रिक्षात तो डबा मांडीवर घट्ट धरून बसला होता. वाटेत पोरीबाळी नटून चालल्या होत्या. तो त्यांच्याकडं बघत होता, खरंच बघत होता. मी मनात म्हटलं, उद्या-परवा याच्या हातात कात्री देते.

तो आत गेला. दार लागलं. त्या दिवशी मात्र मला आवाज आला. दिगूचाच. मोठ्यानं, शाळेतलं पोर कविता म्हणतं तसा म्हणाला, "मॅडम, तिळगूळ घ्या, गोड बोला."

मग काही नाही.

मी वाट बघितली. म्हटलं, लाडू तोंडात असेल, म्हणून बोलत नसतील. तेवढ्यात मॅडमचा आवाज आला, हळू, शांत. शब्द कळले नाहीत. मग परत काही नाही. मग दार उघडलं आणि वेळ संपायच्या कितीतरी आधी दिगू बाहेर आला. हात रिकामे. माझ्यासमोरून निघून गेला. मी हाक मारली तर वळलाही नाही.

मी आत घुसले. टेबलावर डबा होता, झाकण उघडं, लाडू जसेच्या तसे.

"घेतला नाहीत?"

मॅडम उभ्या होत्या. चेहरा गोंधळलेला होता त्यांचा. "मी नाही म्हटलं नाही त्यांना. पण भेटवस्तू आली की ती घेण्याआधी आम्ही तिच्याबद्दल बोलतो. मी त्यांना विचारलं, हे मला देताना तुमच्या मनात काय आहे?"

"तिळगूळ आहे तो! तिळगूळ देताना मनात काय असतं, हे मराठी बाईला विचारावं लागतं?"

"मावशी, मला माहीत आहे तिळगूळ म्हणजे काय. पण त्यांच्यासाठी तो काय आहे, ते त्यांनीच सांगणं..."

"मी सांगते काय आहे!" माझा आवाज त्या दिवशी खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. शपथ गेली खड्ड्यात. मी तिला सगळं सांगितलं. बार्शीचं, जूनचं, भिंतीला सांगितलेल्या जेवणाचं, 'संक्रांत येऊ दे'चं. "त्याची बायको त्याच्याशी न बोलता मेली, बाई. आज तो तुमच्याकडून बोलणं मागायला आला होता. नुसतं 'गोड बोला' म्हणायचं होतं तुम्ही. दोन शब्द!"

खुर्चीचा हात धरून ती खाली बसली. "मला हे माहीत असतं तर..."

"विचारलं असतंत तर कळलं असतं."

"आमच्यात असं विचारत नाहीत," ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "तो क्षण आला होता. मला दिसला होता तो. मला वाटलं, अजून थोडं थांबावं."

मला तिला मारावंसंही वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. डबा उचलला आणि निघाले.

त्या दिवसापासून दिगूचं बोलणं बंद झालं. तसं आधीही कमीच होतं. आता हूं नाही, हां नाही. जेवायला बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. मी सगळे उपाय केले. रडले, शिव्या दिल्या, एकदा तर दंडाला धरून गदागदा हलवला. "माझ्यावर का राग काढतोस रे? मी काय घोडं मारलंय तुझं?" त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. राग नव्हताच त्याला. 'बोलली असती ना गं' असं विचारणंही त्यानं सोडलं. पण शालनच्या फोटोसमोर उभा राहायचा, तेव्हा त्याचे ओठ हलायचे. मला वाटायचं, चला, धागा अजून तुटलेला नाही. तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

चैत्रातली गोष्ट. दुपारी दारात साठ्ये मॅडम उभ्या. घामानं डबडबलेल्या, हातात पिशवी. दिगूच्या दुकानाच्या गल्लीत चौकशी करून, विचारत विचारत माझ्या घरापर्यंत आल्या होत्या.

"आत येऊ?" त्यांनी विचारलं. "असं पेशंटच्या घरी यायचं नसतं आम्ही. पण मला राहवलं नाही."

मी बाजूला झाले. दिगू खाटेवर बसला होता. तिला बघून त्यानं उठून खुर्ची पुसली. ती खुर्चीवर बसलीच नाही, त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"दिगंबरभाऊ," ती म्हणाली, "मी रागावले नव्हते तुमच्यावर. एक दिवसही नाही. माझी शिकवणच तशी होती, की आपण कमी बोलायचं. माझं गाव विचारलं होतंत. माझं गाव चिपळूण. त्या दिवशी मी जेवले नव्हते. सकाळपासून पेशंट होते, डबा तसाच राहिला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला रडू आलं होतं, कारण या गावात आल्यापासून तसं कुणी विचारलं नव्हतं. आणि मी बोलले नाही." तिचा आवाज फाटत चालला होता. "त्या दिवसापासून मला चैन नाही. रोज वाटायचं, जाऊन बोलावं. शेवटी म्हटलं, पद्धत गेली चुलीत. मला माफ करा."

मी दारात उभी राहून रडत होते. म्हटलं, देवा, झालं रे झालं. इतक्या उशिरा का होईना, कुणीतरी त्याच्याशी बोललं. दिगू एकटक तिच्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मी स्वतः पाहिलं. त्यानं उठून चहा ठेवला, स्वतः तिच्या हातात कप दिला. ती पोर तो चहा रडत रडत प्यायली. जाताना तिनं मला मिठी मारली. म्हणाली, "ऐकलं त्यांनी, मावशी. आतपर्यंत ऐकलं." खरंच ऐकलं होतं.

ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि मी आत वळले, तर दिगू बोलला.

"अक्का."

मी त्याच्यापाशी धावले. "बोल, माझ्या राजा, बोल!"

"त्यांना माझं घर ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता. "त्यांची पद्धत आडवी येत होती. नोकरीलाही धोका असेल. तरी उन्हातून विचारत विचारत आल्या."

"हो रे. चांगली आहे पोर. मी म्हटलं नव्हतं तुला?"

"शालन हाताच्या अंतरावर बसत होती."

मला कळायला क्षण लागला. कळलं तशी मी ओरडले, "अरे तसं नसतं! तिची गोष्ट वेगळी, हिची वेगळी!"

"बोलायचं असलं की माणूस बोलतं, अक्का. त्याला संक्रांत लागत नाही."

"अरे ती म्हणाली होती मला! संक्रांत येऊ दे म्हणाली होती!"

"बघू म्हणाली होती," दिगू म्हणाला. "'बघू अक्का, संक्रांत येऊ दे.' तूच सांगितलंस. शालनला एखाद्याचं काम करायचं नसलं, की ती गिऱ्हाइकाला बघू म्हणायची."

एवढी तोंडाळ बाई मी, चालत्या गाडीत दारुड्यांची तोंडं बंद केलेली, आणि मला एक शब्द सुचला नाही. त्यानं मॅडमची कपबशी विसळून पालथी घातली आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. मी त्याच्या पाठीशी बसून संध्याकाळ होईपर्यंत काहीबाही बोलत राहिले. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला, पण पुन्हा बोलला नाही, आणि शालनच्या फोटोसमोरही कधी उभा राहिला नाही.